कमी खर्चात घरगुती सुपरचार्जर: जुन्या झेनवर बसवण्याचा विचार आहे, अनुभवी मंडळींचे मत हवे

घाटवाट_देवरुख (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मारुती झेन आहे, ९९३ सीसी, चार सिलिंडरची, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचा वेगळा फवारा). पत्रा धड आहे आणि इंजिन तेल खात नाही. कामानिमित्त देवरुखहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूरला नेहमी जावे लागते. गाडीत चार माणसे आणि मागे सामान असले, की घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी दम सोडते, आणि मागून येणाऱ्या ट्रकला वाट देत बाजूला थांबावे लागते.

मला वेग वाढवायचा नाही, शर्यतही लावायची नाही. मधल्या आरपीएमवर ओढ हवी आहे. टर्बोपेक्षा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) मला त्यासाठीच योग्य वाटतो, कारण तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पट्ट्यावर फिरतो आणि एक्झॉस्टच्या भागाला हात लावावा लागत नाही. आयसिन कंपनीचा एएमआर ५०० हा रूट्स पद्धतीचा (दोन रोटरांनी हवा पुढे ढकलणारा) छोटा ब्लोअर वापरलेल्या स्थितीत मिळू शकतो, असे समजले. एसीचा कॉम्प्रेसर काढून त्या जागी तो बसवावा, असा विचार आहे. सगळा खर्च ५० हजार रुपयांच्या आत बसवायचा आहे, ब्रॅकेट आणि पाइप स्थानिक लेथवर करून घेईन. हे शक्य आहे का, आणि असल्यास पैसा कुठे घालावा व कुठे वाचवावा, हे कृपया सांगावे.

हर्णै_किनारा

विजेवर चालणारा सुपरचार्जर अगदी स्वस्तात मिळतो. एअर फिल्टरच्या पाइपमध्ये बसवून बॅटरीला जोडला की झाले. त्याचा विचार केलात का?

आंबोली_ट्यूनर

हर्णै_किनारा, त्या पंख्यांवर कृपया कोणीही पैसे घालवू नयेत. का, ते आकड्यांतच दाखवते, म्हणजे मूळ प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळेल.

चार स्ट्रोकचे ९९३ सीसी इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात निम्मी, म्हणजे सुमारे अर्धा लिटर हवा घेते. भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ०.४२ लिटर. एएमआर ५०० एका फेऱ्यात अर्धा लिटर हवा ढकलतो. क्रँकच्या एका फेऱ्यामागे तो १.२ फेरे फिरला आणि त्याचीही कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर इंजिनला ०.५१ लिटर हवा मिळेल, म्हणजे वजनाने सुमारे २१ टक्के जास्त. हवा तापल्यामुळे गेजवर वातावरणापेक्षा जास्तीचा दाब साधारण ५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दिसेल.

आता ही हवा दाबायला लागणारी ताकद पाहा. ६,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ५८ ग्रॅम हवा जाते. रूट्स ब्लोअर हवा आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, आणि दाब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) तयार होतो. त्यामुळे त्याची कार्यक्षमता बेताचीच असते. ३५ अंशांची हवा ८५ अंशांच्या आसपास जाते. या हिशेबाने ब्लोअर फिरवायला सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे ४ अश्वशक्ती लागतात. तेवढी वीज १२ व्होल्टवर घ्यायची तर सुमारे २५० अँपियर लागतील. लहान गाडीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही जात नाही. बाजारात मिळणारा छोटा पंखा इतकी वीज घेतच नाही, मग दाब कुठून येणार?

धागाकर्त्यांसाठी याच आकड्यांतून निघणारी दुसरी गोष्ट. एमपीएफआय झेनची मूळ ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. त्यात २० टक्के वाढ धरा, ब्लोअरचे ४ वजा करा, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतल्यामुळे थोडे आणखी वजा करा. शेवटी पदरात सहा-सात अश्वशक्ती पडतील. मात्र रूट्सचा दाब २,००० आरपीएमपासूनच जवळजवळ पूर्ण मिळतो आणि तिथे तो स्वतः फारच कमी ताकद खातो. त्यामुळे घाटातल्या ओढीत फरक नक्की जाणवेल. वरच्या आरपीएमची आशा धरू नये.

घाटवाट_देवरुख

ताई, हिशेबाबद्दल मनापासून आभार. मला मधली ओढच हवी असल्याने हे आकडे निराशाजनक वाटत नाहीत. मग फेऱ्यांचे गुणोत्तर १.२ ऐवजी १.६ ठेवले तर?

आंबोली_ट्यूनर

तर दाब १२ पीएसआयच्याही पुढे जाईल आणि मूळ ओतीव पिस्टन, मूळ गॅस्केट व मूळ कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) यांपैकी एक तरी दगा देईल. टोयोटाने १.६ लिटरच्या ४ए-जीझेडई इंजिनाला कारखान्यातच सुपरचार्जर बसवला, तेव्हा सुरुवातीच्या आवृत्तीत कॉम्प्रेशन रेशो ८ पर्यंत खाली आणला होता आणि पिस्टनही मजबूत घातले होते. आपण इंजिनाचा तळचा भाग (पिस्टन, क्रँक) उघडणार नसाल, तर ५ पीएसआय ही मर्यादा पाळावी.

मिरकरवाडा_लेथ

धागा आवडीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमचे काम मुख्यतः बोटींच्या इंजिनांचे, पण एका गिऱ्हाइकाच्या जिप्सीला ईटन एम ४५ ब्लोअर बसवण्यासाठी ब्रॅकेट आणि पुली आम्ही केल्या होत्या. हा ब्लोअर २००२ पासूनच्या पहिल्या पिढीच्या मिनी कूपर एसमध्ये येत असे. एका फेऱ्यात ४५ घनइंच, म्हणजे साधारण ७३७ सीसी हवा देतो. ९९३ सीसीच्या इंजिनाला तो मोठा पडेल, तेव्हा एएमआर ५०० ची निवड योग्य आहे.

वापरलेला ब्लोअर घेताना फोटोवर विश्वास ठेवू नये. तो हातात घ्यावा, आतल्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकावा आणि पुली हाताने सावकाश फिरवावी. दोन्ही रोटर एकमेकांना आणि भिंतीला न शिवता फिरले पाहिजेत. रोटरवर काळपट-करडा लेप असतो. त्यावर लांबीच्या दिशेने चकचकीत अॅल्युमिनियमच्या रेघा दिसल्या, तर त्याने धूळ खाल्ली आहे किंवा बेअरिंग सैल आहे, असे समजावे. पुढची शाफ्ट अंगठ्याने वर-खाली दाबून पाहावी, खेळ अजिबात जाणवता कामा नये. नंतर गिअरच्या डब्याचा बूच उघडून तेलात बोट बुडवावे. तेल काळे असले तरी चालेल, पण बोटावर चंदेरी चुरा आला, तर मालकाला नमस्कार करून घरी यावे. रोटरच्या बाजूला तेलाचा ओलावा असेल, तर सील गेलेले आहे. ते मिळवणे आणि बदलणे हे आपल्या बजेटला परवडणार नाही.

ब्रॅकेटच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. १० किंवा १२ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट, किमान तीन बोल्ट थेट ब्लॉकवर, आणि तिरका आधार वेल्ड केलेला असावा. ब्लोअरची पुली आणि क्रँकची पुली यांच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून पाहावी, दोन्ही तोंडे पट्टीला सपाट टेकली पाहिजेत. जरा जरी तिरके राहिले तर पट्टा एका कडेने झिजतो, किंचाळतो आणि चढावरच निसटतो. टेन्शनरची पुली पट्ट्याच्या सैल बाजूला अशी बसवावी की ब्लोअरच्या पुलीला पट्ट्याचा निदान एक तृतीयांश घेर मिळेल. लागणारी ताकद ताईंनी सांगितली, ती एसी कॉम्प्रेसरच्याच आसपासची आहे. त्यामुळे एसीचा पट्टा ज्या रुंदीचा असतो त्या रुंदीचा चालतो, वेगळा मोठा पट्टा शोधू नये.

कुंभार्ली_चढ

मिरकरवाडा_लेथ यांच्या रेघांच्या मुद्द्याला माझी पुष्टी. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ एप्रिल-मेमध्ये फिल्टरच्या डब्यात किती बसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाळीचा शंकूसारखा उघडा फिल्टर दिसायला छान दिसतो, पण ब्लोअरच्या रोटरमधली फट केसाएवढी असते. मूळचा कागदी फिल्टर आणि त्याचा बंद डबा तसाच ठेवावा. पावसाळ्यात तर हे दुप्पट महत्त्वाचे आहे. हवा घेण्याचे तोंड बंपरखाली आणले, तर पहिल्याच तुंबलेल्या रस्त्यावर ब्लोअर पाणी ओढेल आणि ते थेट सिलिंडरमध्ये जाईल. पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२१ च्या जुलैमधला चिपळूणचा पूर पाहिलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

वकिली_चिपळूण

मी यंत्रातला जाणकार नाही, पण एक बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी, म्हणजे निर्मात्याने मूळ दिलेल्या वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ असाच लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. अपघातानंतर सर्व्हेयरला बॉनेटखाली न कळवलेला ब्लोअर दिसला, तर कंपनी दावा नाकारण्याचा प्रयत्न करणारच. गाडीत घरची माणसे बसणार असतील, तर काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, असा माझा आग्रह आहे.

हर्णै_किनारा

मग हा धागाच बंद करावा का? रस्त्यावर चालवता येणार नसेल, तर चर्चेचा उपयोग काय?

वकिली_चिपळूण

बंद करू नये. खासगी आवारात शिकण्यासाठी, बंदिस्त ट्रॅकवर किंवा स्पर्धेसाठी तयार केलेल्या गाडीचा विचार वेगळा होतो. शिवाय आधी परवानगी मागण्याचा मार्ग कायद्यातच आहे. ती मिळेल की नाही, हे अर्ज केल्याशिवाय कळत नाही. मी फक्त क्रम सांगितला: आधी कागद, मग पाना.

दर्यावर्दी_गुहागर

मी जहाजावर इंजिनिअर आहे. आमच्या इंजिनांना टर्बोचार्जर असतो आणि त्यानंतर समुद्राच्या पाण्याने थंड होणारा एअर कूलर. दमट हवेत त्या कूलरमधून इतके पाणी निघते की त्याचा ड्रेन सतत उघडा ठेवावा लागतो. कोकणातली हवा तशीच दमट आहे. त्यामुळे इंटरकूलर, म्हणजे ब्लोअरनंतर हवा थंड करणारा तसाच कूलर, बसवला तर त्यात पाणी साचेल आणि इंजिनात जाईल, अशी मला काळजी वाटते. इंटरकूलरशिवायच काम भागवावे, असे माझे मत आहे.

आंबोली_ट्यूनर

काका, आपला अनुभव खरा आहे, पण जहाजावरचा दाब आणि हा दाब यांत मोठे अंतर आहे. ३४ अंशांची आणि ७५ टक्के आर्द्रतेची हवा घेतली, तर तिच्यातल्या वाफेचा दाब सुमारे ४० मिलिबार असतो. जहाजावर हवा तीन-चार पट दाबली की वाफेचा दाबही तेवढ्याच पटीने वाढतो आणि ५० अंशांच्या आसपासच पाणी सुटू लागते. इथे ५ पीएसआय जास्त, म्हणजे दाब केवळ १.३५ पट आहे. वाफ ५४ मिलिबार होईल आणि पाणी सुटायला हवा ३४ अंशांपर्यंत थंड व्हावी लागेल. बाहेरची हवाच ३४ अंशांची असताना छोटा इंटरकूलर ४५ ते ५० अंशांच्या खाली जाणार नाही. त्यामुळे पाणी साचण्याची भीती या दाबाला नाही.

८५ अंशांची हवा मात्र थेट सिलिंडरमध्ये सोडणे मला पटत नाही. नॉकिंगचे (मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोकण्याचे) मूळ उष्णतेत असते. एखाद्या डिझेल हॅचबॅकचा वापरलेला छोटा इंटरकूलर भंगारात मिळतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. दमट हवेबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. त्या ४० मिलिबार वाफेमुळे ऑक्सिजन सुमारे ४ टक्के कमी मिळतो, हे खरे, पण तीच वाफ ज्वलन थोडे मंद करते आणि नॉकिंग कमी होण्यास मदत करते. त्यामुळे मे महिन्यात रत्नागिरीत नीट चाललेली गाडी जानेवारीतल्या कोरड्या हवेत घाटमाथ्यावर नॉक करू शकते. ट्यूनिंग करताना टायमिंग काठावर आणून ठेवू नये, थोडी जागा राखावी.

दर्यावर्दी_गुहागर

आकडे पटले. इंटरकूलरला माझा विरोध राहिला नाही. त्याच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा पांढरा थर बसतो, तो पावसाळ्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवावा. शिवाय अॅल्युमिनियमच्या ब्लोअरवर पोलादी ब्रॅकेट बसवाल तिथे दोन धातूंच्या मध्ये खारट ओल शिरली की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. बोल्टला आणि दोन्ही तोंडांना चांगले ग्रीस किंवा अँटी-सीझ लावूनच आवळावे, नाहीतर दोन वर्षांनी बोल्ट तुटेल पण निघणार नाही.

मालवण_झेन

सगळे जण ब्लोअर आणि ब्रॅकेटबद्दल बोलत आहेत, पण पेट्रोलचे काय? माझ्या माहितीतल्या एका झेनला नुसता ब्लोअर बसवला आणि बाकी सगळे मूळ ठेवले. पहिले काही दिवस गाडी सुंदर धावली. नंतर एका लांब चढावर टकटक आवाज सुरू झाला आणि मालकाने गाणी मोठी लावून गाडी तशीच चालवली. प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीच्या दाण्याहून बारीक चंदेरी ठिपके चिकटलेले होते. ते पिस्टनचे वितळलेले अॅल्युमिनियम होते. हेड उघडल्यावर वरच्या दोन रिंगांच्या मधला पिस्टनचा काठ तुटलेला निघाला.

आंबोली_ट्यूनर

मालवण_झेन यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. घरगुती किटमध्ये ब्लोअर हा सर्वांत सोपा भाग आहे. इंजिन टिकते ते पेट्रोल आणि ठिणगी यांच्या नियंत्रणामुळे. मूळ मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच्या मोजणीसाठी बनवलेला असतो. मॅनिफोल्डमध्ये ५ पीएसआय जास्त आले, तरी मूळ ईसीएमला (इंजिनाच्या संगणकाला) ‘थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा आहे’ एवढेच कळते. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, टायमिंगही जुनेच ठेवतो. मिश्रण पातळ होते, ठिणगी लवकर पडते आणि पुढचे वर आलेच आहे.

दाबाखाली मिश्रण १२ च्या आसपास (वजनाने एक भाग पेट्रोलला १२ भाग हवा) ठेवावे लागते. सेकंदाला ५८ ग्रॅम हवेला १२ ने भागले तर सेकंदाला ४.८ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला सुमारे ३९० सीसी पेट्रोल झाले. पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरांत वाटले आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असे ठरवले, तर प्रत्येकी १२० सीसी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्याला हवेच्या मानाने आठ-नऊ टक्के इंधन जास्त लागते, म्हणून १३० ते १३५ सीसी. त्यामुळे मिनिटाला १५० सीसी देणारे इंजेक्टर घेतले तर पुष्कळ झाले, फार मोठे घेतल्यास आयडलिंग बिघडते.

कुंभार्ली_चढ

एवढे करण्यापेक्षा पेट्रोलच्या रिटर्न लाइनवर (टाकीकडे परतणाऱ्या नळीवर) ब्लोअरच्या दाबानुसार पेट्रोलचे प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावला, तर मूळ ईसीएम आणि मूळ इंजेक्टर चालणार नाहीत का? बजेट ५० हजारांचे आहे, हे विसरून चालणार नाही.

आंबोली_ट्यूनर

चालू शकेल, पण दोन अडचणी आहेत. इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २१ टक्के जास्त पेट्रोल हवे, तर दाब जवळजवळ दीडपट करावा लागतो. ३ बारचे ४.४ बार आणि वर मॅनिफोल्डचा दाब, म्हणजे पावणेपाच बार. जुना पंप त्या दाबाला पुरेसे पेट्रोल देईल, याची खात्री कोण देणार? दुसरे म्हणजे, या रेग्युलेटरने टायमिंग मागे येत नाही. ढोबळ नियम म्हणून प्रत्येक पीएसआयला एक अंश मागे घ्यावे, असे धरतात. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) फिरवून पाच अंश कायमचे मागे घेतले, तर बूस्ट (ब्लोअरचा जास्तीचा दाब) नसतानाही गाडी मंद होईल, तापेल आणि पेट्रोल पिईल.

माझा सल्ला असा की स्पीडुइनो वापरावा. हा आर्डुइनो मेगा २५६० या छोट्या संगणक-बोर्डवर चालणारा खुला (कोणालाही वापरता-बदलता येणारा) ईसीयू, म्हणजे ईसीएमच आहे. बोर्ड स्वस्त आहे, २५० किलोपास्कलपर्यंत मोजणारा मॅप सेन्सर त्याला जोडता येतो, पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही आपल्या हातात येतात. क्रँकची स्थिती कळण्यासाठी क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांची (३६ पैकी एक दात गाळलेली) चकती लेथवर करून बसवावी. ठरवलेल्या दाबाच्या वर इंधन तोडण्याची सोय त्यात आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. मात्र सोबत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) हवाच. तो नसताना नकाशा (पेट्रोल व टायमिंगचे तक्ते) भरणे म्हणजे अंधारात चालणे आहे.

मालवण_झेन

नॉकिंग ऐकण्यासाठी एक स्वस्त साधन सांगतो. तांब्याच्या छोट्या नळीचे एक टोक हातोडीने चपटे करावे, त्याला भोक पाडून ते ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली आवळावे. दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी जोडून ती आवाजरोधक कानटोपीत घालावी. शेजारी बसलेल्या माणसाने ती कानाला लावली की डब्यात खडे हलवल्यासारखा नॉकिंगचा आवाज, ड्रायव्हरला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी येतो. चालवणाऱ्याने स्वतः मात्र ती लावू नये.

मिरकरवाडा_लेथ

थ्रॉटलच्या जागेबद्दल कोणी लिहिलेले नाही. ब्लोअर थ्रॉटलच्या आधी ठेवला आणि चालत्या गाडीत अचानक पाय काढला, तर ब्लोअर हवा ढकलतच राहतो आणि तिला जायला वाट नसते. पाइपचे जोड उडतात. वर सांगितलेल्या मिनी कूपर एसमध्ये थ्रॉटल आधी, मग ब्लोअर, मग इंटरकूलर असा क्रम आहे आणि मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमवर उघडणारा बायपास व्हॉल्व्ह दिलेला आहे. सपाट रस्त्यावर तो उघडा राहिल्यामुळे ब्लोअर जवळजवळ फुकट फिरतो आणि अॅव्हरेज फारसे पडत नाही. घरगुती कामातही हाच क्रम ठेवावा. पाइपासाठी अॅल्युमिनियमची नळी आणि सिलिकॉनचे जोड वापरावेत, पीव्हीसी अजिबात वापरू नये, ते ८५ अंशांना मऊ पडते.

याच ओघात जिवाशी संबंधित एक गोष्ट. ब्रेक बूस्टरला व्हॅक्युम मॅनिफोल्डमधून मिळतो. त्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह जुना असेल तर बूस्टचा दाब ब्रेक बूस्टरमध्ये शिरेल आणि उतारावर पेडल दगड होईल. तो व्हॉल्व्ह नवा घालावा. क्रँककेसच्या वाफेच्या नळीलाही एकदिशा व्हॉल्व्ह लावावा, नाहीतर दाब तेलाच्या डब्यात जाऊन ऑइल सील बाहेर फेकतो.

आंबा_घाट_पायथा

मी बराच वेळ वाचतो आहे. सहा-सात अश्वशक्तीसाठी ब्लोअर, ईसीयू, इंजेक्टर, इंटरकूलर आणि कायद्याची टांगती तलवार, हा सौदा मला मान्य नाही. त्याऐवजी त्याच घराण्याचे १२९८ सीसीचे इंजिन, आरटीओची परवानगी घेऊन, बसवावे. इंजिन बदलाची नोंद होऊ शकते आणि ओढ कायमची वाढते.

घाटवाट_देवरुख

दादा, आपला मुद्दा रास्त आहे आणि त्याचीही चौकशी करणार आहे. पण मला हे काम शिकायचेही आहे आणि ती ओढ मनातून जात नाही.

आतापर्यंतच्या चर्चेवरून ठरवलेले असे. ब्लोअर सर्वांत शेवटी घेईन. आधी आरटीओ आणि विमा कंपनीला पत्रे जातील. मग गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन तपासेन. चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर पुढे जाणारच नाही. त्यानंतर जुन्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून, स्पीडुइनो आणि वाइडबँड बसवून गाडी ब्लोअरशिवायच नीट चालवून दाखवेन. परवानगी मिळाली नाही, तर गाडी रस्त्यावर न आणता घराच्या आवारातच हे काम करेन.

एकच प्रश्न उरतो. मे महिन्यात आईला गाडीतून न्यायचे असते, त्यामुळे एसी काढायला घरातून विरोध आहे. एसी ठेवून ब्लोअर बसेल का?

आंबोली_ट्यूनर

क्रम अगदी योग्य आहे. प्लग एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत, तेवढे यादीत वाढवा.

मिरकरवाडा_लेथ

एसी ठेवता येईल. पट्ट्याच्या रांगेत इंजिनाजवळ दुसरी एखादी जागा रिकामी आहे का, ते आधी पाहा. ती नसेल तर एसी कॉम्प्रेसरच्या वरच्या बाजूला ब्लोअर आणि दोघांना वेगळे पट्टे, त्यासाठी क्रँकच्या पुलीपुढे दुसरी पुली बोल्टने जोडावी लागेल. क्रँक पुलीचा व्यास १३० मिलिमीटर निघाला, तर १.२ गुणोत्तरासाठी ब्लोअरची पुली १०८ मिलिमीटरची होईल. पुलीच्या पुढच्या तोंडापासून चॅसिसच्या बाजूच्या पत्र्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजा, आणि इंजिन माउंटिंगवर हलते म्हणून कोणाला तरी क्लच सोडायला लावून तेच अंतर पुन्हा मोजा. ४० मिलिमीटर तरी मोकळे मिळत असतील तर कळवा, मी पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवतो.